दिवाळीतील भेटवस्तूंची देवाणघेवाण कमी कशी करावी, आणि तिच्या जागी काय करावे?

मृण्मयी_ठाणे:

नमस्कार. आमचे कुटुंब मोठे आहे. भाऊबीजेला सगळी सख्खी-चुलत भावंडे आमच्याकडे जमतात. पूर्वी या दिवशी ओवाळणे, जेवण आणि दुपारभर गप्पा असत. गेल्या काही वर्षांत मात्र प्रत्येक जण प्रत्येकासाठी काहीतरी घेऊन येऊ लागला आहे आणि दिवसाचा मोठा भाग पिशव्या देण्याघेण्यात जातो. कोणी मोठे आणले की पुढच्या वर्षी आपणही त्या तोलाचे न्यायला हवे, असा न बोललेला हिशेब प्रत्येकाच्या मनात असतो, आणि त्या हिशेबापायी नवरात्र संपताच आमच्या घरात खरेदीची धावपळ सुरू होते.

सुकामेव्याच्या एका पेटीचे उदाहरण देते. पेटी वीतभर उंच, आतून सॅटिनचे अस्तर, मध्ये सोनेरी कागदाचे चार कप्पे. कप्पा उचलला की खाली कागदाच्या कातरणाचा जाड थर, आणि खाण्याजोगे म्हणावे तर मूठभर बदाम, मूठभर काजू. अशा पेट्या येतात, दोन दिवस टीपॉयवर राहतात आणि तशाच पुढच्या घरी जातात. मेणबत्त्यांचे संच, काचेचे बाऊल, डिनर सेट यांचेही तेच. देणाऱ्याला घेताना आनंद झालेला नसतो आणि घेणाऱ्याला ठेवायला जागा नसते. वाईट याचे वाटते की ज्या माणसांसाठी हे सारे चालते, त्यांच्याजवळ निवांत बसायला त्याच दिवशी वेळ उरत नाही.

मला दिवाळी फिकी करायची नाही. देण्याचा आनंद मला हवाच आहे. मात्र तो पैसा आणि ते श्रम कुठेतरी खरोखर उपयोगी पडावेत, अशी इच्छा आहे. आपल्यापैकी कोणी आपल्या घरात असा बदल केला आहे का? नातेवाइकांचा गैरसमज होऊ न देता तो कसा करावा? मुलांच्या बाबतीत काय करावे, हाही प्रश्न आहेच, कारण त्यांना दिवाळी म्हणजे नवी वस्तू असे वाटू लागले आहे.

लेखाजोखा:

मृण्मयीताई, पर्याय शोधण्याआधी ही धावपळ कोठून येते ते पाहावे, असे मला वाटते, कारण तिच्यातील बराचसा भाग आपल्या मनातून आलेला नसून आपल्यासाठी ठरवून उभा केलेला असतो. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये फ्लिपकार्टने 'बिग बिलियन डे' हा एका दिवसाचा सेल भरवला. तेव्हापासून नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचे दिवस हा ऑनलाइन विक्रीचा मुख्य हंगाम झाला आहे, आणि बोनस खात्यावर जमा होण्याचा काळही नेमका तोच असतो. पडद्यावर उलटे धावणारे घड्याळ आणि 'फक्त दोन शिल्लक' ही ओळ यांना ग्राहक संरक्षणाच्या नियमांतही आता जागा मिळाली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा प्रकारांची यादी प्रसिद्ध केली आणि त्या यादीत पहिले नाव खोटी घाई निर्माण करण्याचे आहे.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. भेटवस्तू हप्त्यांवर घेण्याची पद्धत आता पाडव्यापर्यंत येऊन पोहोचली आहे आणि 'नो-कॉस्ट ईएमआय' हा शब्द ऐकून पुष्कळांना व्याज खरोखरच माफ झाले असे वाटते. रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असा प्रकार मुळात अस्तित्वात नसतो. व्यवहारात होते असे की व्याजाएवढी सूट विक्रेता किंवा कंपनी देते आणि बँक आपले व्याज घेते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती हप्तेवाल्याच्या व्याजात जिरते. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्क लागते, ते वेगळेच. अशा मार्गाने आणलेली भेट कार्तिकापासून चैत्रापर्यंत घरखर्चात टोचत राहते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कोणाला काय द्यायचे याची यादी घटस्थापनेच्या आधी, कोणताही सेल सुरू होण्यापूर्वी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून कागदावर लिहावी आणि त्या कागदाखाली एकूण रकमेचा आकडा घालावा. पुढचे सल्ले याच आकड्यात बसवता येतील. आणि पाडव्याला पत्नीला काय द्यावे असा विचार करणाऱ्या मंडळींनी घरावर क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती फेडण्याचा विचार जरूर करावा. त्या भेटीइतका मोकळा श्वास कोणत्याही दागिन्याने मिळत नाही.

उंबरठा:

मी अनेक वर्षे एका वसतिगृहासाठी स्वयंसेवकाचे काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आपण ज्यांना भेटी देतो, त्यांतील बहुतेकांकडे सगळे काही असते. सुखवस्तू घरातून निघालेली पेटी दुसऱ्या सुखवस्तू घरी जाते आणि तेथून तिसऱ्या. या वर्तुळाबाहेर काही गेले, तरच दिल्यासारखे होईल. आपल्याकडे याची रीत नव्हती असेही नाही. दिवाळीला पोस्त देण्याची पद्धत आमच्या आजीच्या घरी काटेकोरपणे पाळली जाई. पोस्टमन, भांडीवाल्या बाई, झाडूवाले यांची पोस्त नरकचतुर्दशीच्या आत पोहोचलीच पाहिजे, मग घरच्यांच्या कपड्यांचे पाहू, असा तिचा दंडक होता.

मृण्मयीताई, म्हणून सुरुवात आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींपासून करावी. १९६५च्या बोनस कायद्याने कामगाराला वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने एका महिन्याच्या पगाराएवढा बोनस ठरवून दिला. पण तो कारखान्यांना आणि ठरावीक संख्येने कामगार असलेल्या आस्थापनांना. आपल्या स्वयंपाकघरात वर्षभर राबणारी बाई त्या कक्षेत येतच नाही. कायदा सांगत नसला तरी पूर्ण महिन्याचा पगार, रोख, धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी द्यावा, म्हणजे तिला तिच्या मुलांची खरेदी गर्दीपूर्वी करता येते. त्याऐवजी आपल्याकडे नकोशी झालेली मिठाईची पेटी किंवा उसवलेली साडी तिच्या हाती ठेवणे मला फार खटकते.

पैशांखेरीज आणखी काही करता येते, आणि ते वस्तूपेक्षा जास्त टिकते. महाराष्ट्रात २००८च्या अधिनियमानुसार घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. तेथे १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते, पण कागदपत्रे गोळा करायला आणि कार्यालयात खेपा घालायला मावशींना सवड नसते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर जाऊन हे काम पुरे करावे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते आणि जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा मिळतो. दोन्हींसाठी बँकेत एक अर्ज भरावा लागतो आणि हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप वळता होतो. मावशींची मुलगी दहा वर्षांखालील असेल तर सुकन्या समृद्धी खाते उघडायला मदत करावी. वर्षाची किमान रक्कम अवघी २५० रुपये आहे आणि ती आपण दर भाऊबीजेला त्या मुलीच्या आईच्या हाती ओवाळणी म्हणून देऊ शकतो.

आता संस्थांविषयी. दिवाळीच्या त्या चार दिवसांत आमच्या वसतिगृहात मिठाई इतकी येते की ठेवायला जागा नसते. गाड्या भरून मंडळी येतात, मुलांबरोबर फोटो काढतात, लाडूंचे खोके ठेवतात आणि जातात. त्यांच्या भावनेचा मी आदर करते, परंतु मुलींना ओळीत उभे करून अनोळखी माणसांच्या हातून खोके घ्यायला लावणे आम्हाला जड जाते. आमची खरी ओढाताण जूनमध्ये असते. वह्या, गणवेश, बसचा पास, परीक्षेची फी हे सगळे एकदम येते आणि तेव्हा कोणाला आमची आठवण नसते. दिवाळीत बाजूला काढलेली रक्कम जूनमध्ये द्या, किंवा दरमहा थोडी थोडी द्या. देण्यापूर्वी संस्थेला फोन करून काय हवे आहे ते विचारा आणि सांगितलेलेच द्या. रोकड देण्याऐवजी धनादेश किंवा बँकेमार्फत द्या, कारण आयकरात दोन हजारांवरील रोख देणगीला वजावट मिळत नाही.

आणि भाऊबीजच म्हणता तर पुण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा भाऊबीज निधी आपल्याला ठाऊक असेलच. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. त्या संस्थेच्या कार्यकर्त्या आणि हितचिंतक घरोघरी जाऊन मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीज गोळा करत आले आहेत. यातील कल्पना मला फार मोलाची वाटते. देणारा तेथे दाता म्हणून उभा राहत नाही, भाऊ म्हणून उभा राहतो, आणि त्यामुळे पाच रुपये देणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. आपल्या पंचवीस-तीस माणसांनी एकमेकांना वस्तू देण्याऐवजी देवघरापाशी एक डबा ठेवला आणि ज्याने त्याने आपली भाऊबीज त्यात घातली, तर एका मुलीचे वर्षाचे शिक्षण त्यातून सहज व्हावे.

बाजारपेठ_सातारा:

वरील सर्व प्रतिसाद आदराने वाचले. परंतु दुकानदार या नात्याने एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. 'खरेदी थांबवा' हा सल्ला ऐकायला चांगला असला तरी त्याचा पहिला फटका मोठ्या कंपन्यांना बसत नाही, तो पणत्या विकणाऱ्या कुंभाराला, कंदील करणाऱ्या कुटुंबाला आणि फराळ करणाऱ्या बचत गटाला बसतो. धारावीच्या कुंभारवाड्यात किंवा आमच्याकडच्या गावांत पणत्यांचे काम दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होते. पावसाळ्यात माल वाळत नाही, उघडीप मिळेल तसे काम उरकावे लागते, आणि त्या चार महिन्यांची मजुरी दिवाळीच्या आठवड्यात हाती येते. त्यांच्यासमोर उभे राहून डझनामागे पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे लोक पुढच्या दुकानात छापील किमतीला विजेच्या माळा घेतात, हे मी दरवर्षी पाहतो आणि मला त्याचा मनस्वी त्रास होतो.

तेव्हा खरेदी करावी, पण करणाऱ्याच्या हातून करावी. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी, मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्रातल्या बांबूच्या वस्तू, आनंदवनातले हातमागाचे कापड, येरवडा कारागृहातील बंद्यांनी केलेले फर्निचर आणि कपडे, यांतले काहीही घरात वर्षानुवर्षे वापरले जाते. बचत गटाकडे चकली-भाजणीची मागणी दसऱ्याआधी नोंदवा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. मोठ्या कार्यालयांनी तर हे कटाक्षाने पाळावे. गटाच्या बायका उसनवार करून तेल-डाळ भरतात आणि कार्यालयाचे बिल मंजूर व्हायला संक्रांत उजाडते, अशी उदाहरणे माझ्या ओळखीत आहेत.

एक भेट मात्र मी सर्वांना सुचवतो, आणि माझ्या दुकानात ती मिळते म्हणून सुचवत नाही. दिवाळी अंक द्या. का. र. मित्र यांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि आज ती वाचकांच्या खरेदीवरच तगून आहे. दहा भावंडांनी दहा वेगवेगळे अंक घ्यावेत, त्यावर पहिल्या पानावर नावे लिहावीत आणि दर महिन्याला ते घरोघर फिरवावेत. वर्षभर वाचायला पुरते, आणि अंक द्यायला-न्यायला म्हणून माणसे एकमेकांच्या घरी जातात.

किल्लेदार:

मुलांविषयी थोडेसे. मुलांना नवी वस्तू हवी असते हे खरे, पण त्याहून जास्त त्यांना मोठ्या माणसाचा सलग वेळ हवा असतो, हा माझा मामा म्हणून अनुभव आहे. आमच्याकडे भाचरांना दिवाळीची भेट म्हणून मी किल्ला देतो. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी दगड, विटा आणि गोणपाट गोळा करायचे, चिकणमाती भिजवून तुडवायची, गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरायचे आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची. सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडले की पाडव्यापर्यंत हिरवळ उभी राहते. ठाण्यात अंगण नसेल तर सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा गॅलरीत फळीवर होतो.

आमची अट एकच आहे की किल्ला खरा हवा. मुलांनी आधी नकाशा पाहायचा, दरवाजे कुठे, टाकी कुठे, बुरूज किती हे शोधायचे आणि सुट्टी संपण्यापूर्वी त्याच किल्ल्यावर जाऊन आपले कुठे चुकले ते पाहायचे. लोहगड केला तेव्हा विंचूकाटा या त्याच्या लांबट माचीची लांबी मातीत किती तोकडी झाली होती, हे मुलांना माचीवर उभे राहिल्यावर कळले आणि परतताना गाडीत तोच विषय चालू होता. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. दरवर्षी एक म्हटले तर मुले मोठी होईपर्यंत पुरतील.

मृण्मयी_ठाणे:

सर्वांचे मनापासून आभार. मावशींच्या नोंदणीचे आणि विम्याचे काम या सुट्टीत माझी मुलगी करील, हे आजच ठरले. डब्याची कल्पनाही घरात सर्वांना पटली. अडचण आहे ती आमच्या मोठ्या आत्यांची. त्या पंचाहत्तरीच्या आहेत, प्रत्येकासाठी स्वतः जाऊन काहीतरी आणतात आणि 'नको' म्हटले तर आपले आणलेले कोणाला आवडत नाही असा त्यांचा समज होईल. त्यांना दुखावून मला काहीही करायचे नाही.

दूरदेशी:

मी न्यू जर्सीत राहते. इकडे नोव्हेंबरच्या अखेरीस थँक्सगिव्हिंग झाले की दुसऱ्या दिवसापासून नाताळपर्यंत जी खरेदी चालते, तिच्यावर इकडच्या लोकांनीही बराच विचार केला आहे. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींविषयी विचारले आणि १९९३मध्ये त्यावर निबंध लिहिला. घेणाऱ्याच्या लेखी भेटीची किंमत देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांश इतकी कमी भरते, असे त्याला आढळले. जवळच्या मित्रांनी दिलेल्या भेटींत ही घट कमी होती आणि काका-मावश्या, आजी-आजोबा यांच्या भेटींत जास्त, कारण वयातले अंतर वाढले की आवडीनिवडी कळेनाशा होतात. आपल्या आत्यांसारखी माणसे इतकी पायपीट करतात, ती प्रेमापोटी. म्हणून त्यांचे देणे बंद करण्याऐवजी त्यांना जे उत्तम देता येते, तेच त्यांच्याकडे मागावे.

आमच्या सासरी असेच वयस्कर माणूस होते. आम्ही त्यांच्याकडे वस्तूऐवजी एक दुपार मागितली. त्यांनी अनारशाचे पीठ कसे करायचे ते शिकवले. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, मग निथळून, सावलीत कोरडे करून, ओलसर असतानाच कुटायचे आणि गुळात मळून ठेवायचे. अनारसा तुपात सोडताना खसखशीची बाजू वर राहिली पाहिजे आणि तो उलटायचा नाही, हे त्यांनी हात धरून दाखवले. आता घरातल्या तीन सुनांना अनारसे येतात आणि ते कोणाकडून आले, हे प्रत्येकीला ठाऊक आहे. आत्यांकडे असे काही नक्कीच असेल. एखादी पाककृती असेल, एखादी आरती असेल, घराण्यातल्या गोष्टी असतील. भाऊबीजेच्या दुपारी सगळ्यांना एकत्र बसवून त्यांना ते शिकवायला सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा.

बाकीच्या भावंडांसाठी इकडची चिठ्ठ्यांची पद्धत उपयोगी पडेल. प्रत्येकाने एकाच माणसाच्या नावाची चिठ्ठी उचलायची आणि त्या एकासाठीच विचारपूर्वक काही करायचे. रकमेची मर्यादा आधी ठरलेली असते, आणि स्वतःच्या हाताने केलेली वस्तू किंवा मदतीचे वचन चालते. कोणी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्याचे वचन देते, कोणी जुने फोटो स्कॅन करून देते.

एक विनंती. हा सारा बदल व्हॉट्सॲपच्या गटावर जाहीर करू नका. आत्यांच्या घरी कोजागिरीच्या सुमारास स्वतः जा, फराळाला काय करायचे ते त्यांना विचारा आणि मग डब्याचे सांगा. डबा ठेवण्याचा आणि त्यात पहिली भाऊबीज घालण्याचा मानही त्यांनाच द्या. ओवाळणीला मात्र हात लावू नका. तबकातले पाकीट तसेच राहू द्या, आणि डब्यात कोणी किती घातले हे कोणालाही कळणार नाही अशी झाकणाला चीर पाडलेली असू द्या. ज्या भावाची त्या वर्षी ओढाताण असेल, त्याला त्यामुळे मान खाली घालावी लागणार नाही.